कड्यावर आधी आलेला तारा

आमच्या बॅटरीच्या, म्हणजे तोफखान्याच्या तुकडीच्या, दोन तोफा नव्या जागी हलवायचा हुकूम जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आला. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी हवालदार देवरे वरच्या चौकीकडे निघाले. चौकीवरचा टेक्निकल असिस्टंट तापाने आजारी पडून खाली आला होता, त्याच्या जागी ते. चढ पाच तासांचा होता. निघताना त्यांनी मला एक कागद दिला. पुढच्या चार संध्याकाळी कुठला तारा साधारण किती वाजता, कुठल्या दिशेला मिळेल, ते त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं.

"मशीन येईपर्यंत तू एकटा आहेस," ते म्हणाले. "घाई करू नको."

मशीन म्हणजे उत्तर दिशा दाखवणारा गायरो. थंडीने तो बंद पडला होता आणि दुरुस्तीला खाली गेला होता. जागेचं नाव, रेजिमेंटचा नंबर आणि वर्ष मी लिहीत नाही. उंची साडेबारा हजार फूट होती आणि रात्री पारा शून्याखाली वीसपर्यंत उतरत होता.

मी तोफखान्याच्या सर्व्हे सेक्शनमध्ये लान्स नायक होतो. सर्व्हे सेक्शन काय करतं, हे नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत मला अनेकदा विचारलं जातं, म्हणून थोडक्यात सांगतो. तोफ डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूवर मारत नाही. ती डोंगरापलीकडे, आठ-दहा किलोमीटरवर मारते. त्यासाठी तिला दोन गोष्टी अचूक लागतात: आपण कुठे उभे आहोत आणि तोंड कुठे आहे. पहिली गोष्ट जीपीएस सांगतो. दुसरी, म्हणजे दिशा, तेवढी अचूक मिळायला गायरो लागतो. गायरो नसेल तर तारा.

तारा कुठल्या मिनिटाला कुठल्या दिशेला असतो, ते कोष्टकाच्या पुस्तकात छापलेलं असतं. आपण जमिनीवर एक दिवा लावायचा. थिओडोलाइटने, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीने, दिवा आणि तारा यांच्यातला कोन मोजायचा आणि त्या क्षणाची वेळ टिपायची. ताऱ्याची दिशा पुस्तकातून मिळाली की दिव्याची दिशा निघते. तोफा त्या दिव्यावरून लावतात. यात एकच गोष्ट गृहीत आहे. तारा तोच असला पाहिजे. चुकीच्या ताऱ्याचं उत्तरही पुस्तक तितकंच अचूक, अंश-मिनिटापर्यंत, देतं.

हे मला देवऱ्यांनी शिकवलं, देवळालीला. ते तिथे उस्ताद होते आणि मी शिकायला आलेला गनर. मी लासलगावचा. वडील मार्केट यार्डात हमाल होते. देवरे कळवण तालुक्यातले. घरून देवळालीला येणं दोघांनाही एका एसटीचं काम, त्यामुळे सेक्शनमधले पंजाबी आणि गढवाली आम्हाला 'लोकल पार्टी' म्हणायचे. हुकूम हिंदीत चालायचे. आम्ही दोघं एकमेकांशी मराठीत बोलायचो. देवरे रागावले किंवा खूश झाले की अहिराणीवर जायचे, 'आहे'चं 'शे' व्हायचं. मला ते नावाने हाक मारत नसत. 'लासलगाव' म्हणत.

मे महिना होता. संध्याकाळचं जेवण सात वाजता व्हायचं आणि साडेसातला आम्ही बॅरेकमागच्या मैदानात तिकाटण्यावर दुर्बिणी चढवून उभे असायचो. त्या आठवड्यात पश्चिमेला पुनर्वसू होतं. दोन ठळक तारे, शेजारी शेजारी, मधे ताणलेल्या हाताच्या तीन बोटांएवढं अंतर.

"उजवीकडचा कॅस्टर, डावीकडचा पोलक्स," देवरे म्हणाले. "दोघे सारखे दिसतात, म्हणून सगळे यांच्यातच मार खातात. लासलगाव, कॅस्टर लाव."

मी जास्त तेजस्वी होता तो लावला. त्यांनी डोळा लावून पाहिलं.

"हा पोलक्स. मोठा दिसला की त्याच्याच मागे जायचं, असं शे का?"

पोरं हसली. मी दुसरा लावला. ते म्हणाले, "आता नीट बघ. कसा दिसतो?"

"तारा दिसतोय, उस्ताद."

"तारा तर मलाबी दिसतो. कसा दिसतो?"

"थोडा लांबट हाय."

"बघत राहा."

दोन मिनिटं मी श्वास रोखून पाहत राहिलो. हवा थांबली आणि लांबट ठिपक्याच्या मधे बारीक फट दिसली. एक दाणा मोठा, एक लहान, एकमेकाला जवळजवळ चिकटलेले. मी तसं सांगितलं.

"यार्डात जोडकांदा पाहिलाय ना?"

"लय."

"वरून एक, आत दोन. व्यापारी काय करतो?"

"हातात घेऊन फिरवतो. अंगठ्याला खाच लागते."

"तसंच. हा जोडतारा. साध्या डोळ्याला एक, आपल्या दुर्बिणीत दोन. पोलक्स कितीही वेळ बघ, एकच. पुस्तकात हे लिहिलेलं नाही, मी सांगतो म्हणून लक्षात ठेव."

हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. तारे बघताना स्वतःच सापडलं होतं, मग नाशिकच्या वाचनालयातून पुस्तक आणून त्यांनी खात्री केली. ते दोन तारे खरोखर एकमेकांभोवती फिरतात आणि एका फेरीला त्यांना साडेचारशे वर्षांच्या आसपास लागतात, हेही त्यांनीच सांगितलं. एका गढवाली पोराने विचारलं की इतकी वर्षं फिरून त्यांना मिळतं काय. देवरे म्हणाले, "पेन्शन."

मग त्यांनी एक नियम सांगितला. वारा असला, तिकाटणं हललं, डोळ्यात पाणी आलं, तर कुठलाही तारा लांबट दिसतो. अशा वेळी दुर्बीण शेजारच्या ताऱ्यावर फिरवायची. तोही लांबट दिसला तर दोष दुर्बिणीचा किंवा डोळ्याचा. तो गोल दिसला तर पहिला तारा जोड. पुढचे तीन दिवस त्यांनी आमच्याकडून हेच करून घेतलं. परीक्षेत मी सेक्शनमध्ये दुसरा आलो. नंतर देवऱ्यांची पोस्टिंग परत रेजिमेंटमध्ये झाली आणि आम्ही एकाच बॅटरीत आलो.

आता त्या संध्याकाळचं.

तोफा चार वाजता नव्या जागी लागल्या. तीन बाजूंनी डोंगर, पूर्वेला उंच कडा. आमच्यापासून नऊ किलोमीटरवर, वर, आपली चौकी. तिथे अकरा माणसं: तोफखान्याचे कॅप्टन साहेब, देवरे आणि पायदळाचे नऊ जण. चौकीच्या समोर, उजव्या अंगाला साडेतीनशे मीटरवर एक नाळ, म्हणजे अरुंद घळ, होती. समोरचे लोक तिथे मॉर्टरची उखळी तोफ आणून चौकीवर मारा करतात, असा रिपोर्ट होता. आमच्या दोन तोफांचं काम ती नाळ होती.

एरवी पहिला गोळा मुद्दाम लांब टाकतात. चौकीवरचा अधिकारी तो कुठे पडला ते पाहून सांगतो आणि मग गोळे हळूहळू निशाण्यावर आणतात. त्या दिवशी दुपारपासून चौकी ढगात होती. त्यांना हाताएवढ्या अंतरावरचं दिसत नव्हतं. म्हणजे पडलेला गोळा पाहून दुरुस्ती होणार नव्हती. दिशा पहिल्यापासून बरोबर असणं भाग होतं.

आमच्याकडे आकाश साडेपाचपासून बंद होतं. सात वाजून पंधरा मिनिटांनी पूर्वेच्या कड्यावर ढगांत एक फट पडली. कड्याच्या धारेवर एक ठळक तारा आला होता. फटीत दुसरा तारा नव्हता. मी देवऱ्यांचा कागद टॉर्चखाली धरला. 'पोलक्स, पूर्व, साडेसातच्या सुमारास.'

मी सात सोळाला पहिला कोन घेतला. सात बावीसपर्यंत चार वेळा दिवा, चार वेळा तारा. वारा होता. तारा लांबट दिसत होता. मी तो वाऱ्याचा परिणाम धरला. शेजारच्या ताऱ्यावर दुर्बीण फिरवायला शेजारी तारा नव्हता. ताऱ्याची उंची मोजूनही ताळा करता येतो. तीही मी मोजली नाही. बोटं बधिर झाली होती, फट मिटायला लागली होती आणि जीपीओ, म्हणजे तोफांच्या जागेवरचे लेफ्टनंट साहेब, तंबूतून दोनदा विचारून गेले होते. ही कारणं आहेत. चौकशीतही मी हीच सांगितली.

कॅस्टर आणि पोलक्स पूर्वेला उगवतात तेव्हा एकावर एक असतात. कॅस्टर आधी येतो. पोलक्स त्या अक्षांशावर पंचवीस मिनिटांनी. उघड्या मैदानात दोघांचं अंतर दिसतं आणि कोण कुठला ते कळतं. कड्यामागून एकटा वर येतो तो कॅस्टर असतो. हे मला माहीत होतं. त्या सात मिनिटांत ते माझ्या डोक्यात आलं नाही.

सात एकतीसला मी हिशेब करून दिशा दिली. सात सदतीसला दोन्ही तोफा लागल्या. 'रेडी.'

सात अडतीसला चौकीवर मॉर्टरचा पहिला गोळा पडला. मी कमांड पोस्टच्या तंबूत वायरलेस सेटजवळ होतो. सात एक्केचाळीसला देवऱ्यांच्या आवाजात फायरची मागणी आली. टार्गेटचा नंबर, नाळ, दोन तोफा, तीन राउंड. आवाज नेहमीचा. मागे स्फोट ऐकू येत होते. लेफ्टनंट साहेबांनी हुकूम पुढे दिला. गोळे भरायला सुरुवात झाली.

देवऱ्यांनी सेट सोडला नाही. "लासलगाव आहे का तिथे?"

साहेबांनी मान हलवली. मी हँडसेट घेतला.

"बोला, उस्ताद."

"दिशा कशावरून घेतली?"

"ताऱ्यावरून. पोलक्स."

"किती वाजता?"

"सात सोळा."

त्यांच्या कागदावर साडेसात होतं.

"एक शे की दोन?"

मी तंबूच्या दारातून बाहेर पाहिलं. फट अजून थोडी उघडी होती. मघाचा तारा वर सरकला होता. त्याच्या खाली, उजवीकडे, कड्याच्या धारेवर दुसरा तारा नुकताच आला होता. तो जास्त तेजस्वी होता.

"दोन," मी म्हणालो.

"मग थांबव."

तोफखान्यात एक जुनी रीत आहे. 'स्टॉप' हा शब्द तोफेवर कोणीही ओरडू शकतो. त्याला हुद्दा लागत नाही, परवानगी लागत नाही. ऐकलेल्याने तो पुढे ओरडायचा आणि हात काढून घ्यायचा. हँडसेटचं बटण दाबलेलंच होतं, तसाच दारात येऊन मी ओरडलो. एक नंबर तोफेत गोळा भरून झाला होता. घड्याळात सात चव्वेचाळीस.

"किसने बोला?" तोफेच्या हवालदाराने विचारलं.

"मैंने. शेख."

लेफ्टनंट साहेब बाहेर आले. वय चोवीस असेल. "क्यों?"

"साहब, तारा गलत लिया. दो डिग्री का फर्क है."

"किस तरफ?"

"बाएँ."

नकाशा त्यांना पाठ होता. दोन अंश म्हणजे नऊ किलोमीटरवर तीनशे मीटरहून थोडं जास्त. नाळेच्या डावीकडे तेवढ्यावर आपली चौकी होती.

मी म्हणालो, मघाचेच कोन कॅस्टर धरून पुन्हा मांडतो, पाच मिनिटांत नवी दिशा देतो. साहेब म्हणाले, नाही. पोलक्सवर नवे कोन घे, कॅस्टरचा हिशेब वेगळा कर, दोन्ही उत्तरं जुळली तरच फायर. हुकूम बरोबर होता. ज्याने एकदा चूक केली त्याच्या हिशेबावर त्यांनी विश्वास ठेवायला नको होता.

सेटवर कॅप्टन साहेब आले. "फायर का क्या हुआ?"

"दिशा चेक कर रहे हैं, सर."

"कितना टाइम?"

"पंद्रह मिनिट, सर."

"जल्दी करो."

मी पुन्हा दुर्बिणीवर गेलो. पोलक्स लावला. वारा तोच, तिकाटणं तेच. तारा गोल होता. मग कॅस्टरवर फिरवली. लांबट, दोन दाणे. एवढं पाहायला वीस सेकंद लागली.

सात बावन्नला मी तिसरा कोन वाचत होतो. तंबूत सेट चालू होता आणि आवाज बाहेर येत होता. कॅप्टन साहेबांचा आवाज होता. देवऱ्यांचा नव्हता.

"देवरे गया. फायर कब दोगे?"

वाचून दाखवलेला आकडा लिहून घ्यायला माझ्याजवळ एक ड्रायव्हर बसला होता. त्याची पेन्सिल थांबली. मी आकडा पुन्हा सांगितला. त्याने लिहिला.

दोन्ही उत्तरं जुळली. आठ वाजून तीन मिनिटांनी पहिले दोन गोळे सुटले. तिसऱ्या फेरीनंतर, आठ सातला, नाळेतला मॉर्टर बंद झाला. त्या रात्री तो पुन्हा सुरू झाला नाही. चौकीवरचे बाकीचे दहा जण दुसऱ्या दिवशी जागेवर होते. दोघे जखमी होते, दोघेही पुढे बरे झाले.

हिशेब साधा आहे. मी सात सोळाला तारा ओळखला असता तर तोफा सात चव्वेचाळीसला सुटल्या असत्या आणि मॉर्टर सात अठ्ठेचाळीसच्या सुमारास बंद झाला असता. देवऱ्यांना बॉम्ब लागला त्याच्या चार मिनिटं आधी. देवऱ्यांनी विचारलं नसतं, तर आमचे गोळे त्यांच्यासकट सगळ्या चौकीवर पडले असते.

चौकशीत मी हे सगळं क्रमाने सांगितलं. मला लेखी रेप्रिमांड, म्हणजे ठपका, मिळाला. सर्व्हेमधून काढलं नाही. पुढे मी नायक झालो, हवालदार झालो, शिकवायलाही लागलो. देवऱ्यांच्या घरी गेलेल्या पत्रात 'शत्रूच्या मॉर्टर माऱ्यात' एवढंच होतं. ते खोटं नव्हतं.

त्या वर्षी मार्चमध्ये सुट्टीवर आल्यावर मी कळवणला गेलो. देवऱ्यांचे वडील तेव्हा होते. त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि विचारलं, पोराला त्रास झाला का. मी नाही म्हणालो. बाकीचं सांगायला गेलो होतो, ते न सांगता शेवटच्या एसटीने परत आलो.

ते सांगायला मला नऊ वर्षं लागली. रिटायर झाल्यावर, मागच्या वर्षी, पुन्हा गेलो. वडील गेले होते. मुलगी नाशिकला नर्सिंगला होती. घरी वहिनी, म्हणजे देवऱ्यांच्या पत्नी, एकट्या होत्या, अंगणात कांद्याचं बी वाळत घातलेलं. त्यांनी लगेच ओळखलं.

"लासलगाव ना तुम्ही? यांनी तुमचं नाव कधी सांगितलंच नाही. बसा भाऊ."

मी बसलो आणि सांगितलं. तारा, कडा, वेळा, सगळं. मधे त्यांनी एकदाच थांबवलं आणि तोफेला तारा कशाला लागतो ते पुन्हा सांगायला लावलं. सांगून झाल्यावर त्या बराच वेळ बी हाताने पसरत राहिल्या.

"म्हणजे यांनी विचारलं नसतं तर सगळेच गेले असते."

"हो."

"दहा जण वाचवले यांनी."

"हो, वहिनी."

"आणि तुमच्यापायी हे गेले."

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं नाही. तेवढं ठरवून गेलो होतो.

"यांना कळलं होतं का, तुम्ही तोफा थांबवल्या ते?"

"कळलं होतं. मी 'स्टॉप' ओरडलो ते सेटवर गेलं. त्यांनी 'ठीक' म्हटलं. शेवटचं तेच."

"ठीक म्हणाले?"

"हो."

"रागात?"

"नाही. नेहमीसारखं."

त्या उठल्या. हात झटकले. "पोरगी शनिवारी येते. तिलाबी हे असंच सांगा, काही गाळू नका. मी सांगायला गेले तर मला नाय जमायचं." दारात वळून म्हणाल्या, "तुमच्यावर राग नाय असं मी म्हणणार नाय, भाऊ. पण उपाशी जाऊ नका. भाकरी टाकते."

मी जेवलो. शनिवारी पुन्हा गेलो आणि मुलीला सांगितलं. तिने वेळा वहीत लिहून घेतल्या आणि चौकीवरच्या दहा जणांची नावं विचारली. मला आठ आठवली. उरलेली दोन मी नंतर रेजिमेंटच्या जुन्या माणसांकडून मिळवून तिला कळवली.

हवालदार देवरे, सर्व्हे सेक्शन, वय अडतीस, तालुका कळवण. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, संध्याकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी, हँडसेट हातात असताना गेले.